घेराववाले वालावलकर सर

डोंबिवलीला पूर्वेकडे, स्टेशनबाहेर जिथे एरवी वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, तिथे गेल्या महिन्यात वालावलकर सर लागले होते. हाताची घडी, गळ्यात शिट्टी, नजर लांब कुठेतरी. वर लिहिलेलं, ‘वेगाचे शिल्पकार’. खालच्या कडेला बारा मुली होत्या, पण इतक्या बारीक छापलेल्या, की माझ्याच कॉलेजातल्या मुली ओळखायला मला रस्ता ओलांडून जवळ जावं लागलं. हातात भाजीची पिशवी घेऊन मी तिथे उभी राहिले आणि मला जे वाटलं ते सरळच सांगते. डोक्यात तिडीक गेली.

सरांबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत. आमचे प्राचार्य आहेत, नगरसेवक आहेत, स्वतः सर तर आहेतच. त्यात माझी भर नको. मी या गृहस्थाशेजारी बाकावर काही हंगाम काढलेत आणि मला ते जसे दिसले तसेच मी सांगणार.

मी बाकावर का होते? मी खरं तर अर्थशास्त्र शिकवते. पण मुलींचा संघ बाहेर खेळायला जाणार असेल तर बरोबर एक बाई असावी लागते. आमच्या स्टाफरूममधल्या बाकीच्या बायकांची मुलं तरी लहान होती नाहीतर सासवा तरी आजारी. माझा मुलगा मोठा आणि सासूबाई ठणठणीत, म्हणून मी झाले मॅनेजर. मॅनेजरने ओळखपत्रं सांभाळायची, बाटल्या भरून आणायच्या आणि कोणाच्या पोटात दुखलं तर गोळी द्यायची. उरलेला वेळ बसून बघायचं. बघून बघून मला बास्केटबॉल कळायला लागला. सरांना तो कळला असं काही मला शेवटपर्यंत दिसलं नाही.

वालावलकर सर मूळचे खो-खोचे. त्या खेळात ते एकेकाळी चांगले होते म्हणतात, आणि ते खरंही असेल. अंगाने सडसडीत, चाल चपळ, ट्रॅकपँटला इस्त्रीची कडक घडी. शिट्टी चोवीस तास गळ्यात, अगदी स्टाफ मीटिंगलासुद्धा. ते कधी बसायचे नाहीत. बोलता बोलता समोरच्याच्या पाठीवर एक सणसणीत थाप मारायचे आणि थाप मारली रे मारली की पुढच्या माणसाकडे पळालेले असायचे. त्यामुळे त्यांना उत्तर देण्याची संधी आमच्यापैकी कोणालाच मिळाली नाही. आमच्या ग्रंथपाल बाईंनी एकदा थाप चुकवायला भिंतीला पाठ लावून संभाषण केलं. तर त्यांच्या खांद्यावर मारली.

कॉलेजच्या मागे, कँटीनला लागून पार्किंगची जागा होती. एका नगरसेवकाच्या कृपेने तिथे बास्केटबॉलचं कोर्ट आखलं गेलं. आता कोर्ट आहे तर संघ हवा, आणि मुलींचा संघ असेल तर बातमी येते, असं प्राचार्यांचं मत पडलं. खो-खोच्या सरांना सांगण्यात आलं, करा. सरांनी खेळाचे नियम वाचले की नाही मला ठाऊक नाही, पण मोबाईलवर व्हिडिओ मात्र पाहिले. कुठल्याशा परदेशी कॉलेजच्या मुली त्यात थांबायचं नावच घेत नव्हत्या. प्रतिस्पर्धी बॉल आत टाकतोय न टाकतोय तोच सगळ्या मैदानभर त्याच्या अंगावर, बॉल हातात आला की लगेच लांबून बास्केटकडे फेक, आणि दर मिनिटा-दीड मिनिटाने पाचच्या पाच मुली बाहेर, ताज्या पाच आत. सर हे स्टाफरूममध्ये पूर्ण आवाजात बघत होते. मी पेपर तपासत होते.

“सापडलं!” म्हणून ते ओरडले आणि माझ्या पाठीत थाप बसली. “मॅडम, हा तर आपलाच खेळ आहे! खो-खोत बचावाला तिघांची तुकडी येते, बाद झाली की पुढची तुकडी. इथे पाचांची. बस्स!”

झालं. त्या दिवसापासून बास्केटबॉल संपला आणि तुकडी सुरू झाली. खो-खोत कोण कोणत्या तुकडीत हे आधी ठरवून सांगितलेलं असतं आणि तो क्रम मोडता येत नाही. बास्केटबॉलमध्ये असलं काही बंधन नाही, कोणालाही कोणाच्याही जागी पाठवा. पण सरांनी ते बंधन स्वतःहून आणून आमच्या मुलींच्या गळ्यात घातलं. पहिली तुकडी पाच, दुसरी तुकडी पाच, उरलेल्या दोघी राखीव. तुकडी फोडायची नाही. पाचातली एक भन्नाट खेळत असली तरी पाचींबरोबर बाहेर, आणि एक लंगडत असली तरी पाचींबरोबर आत. मैदानभर अंगावर जाण्याला त्यांनी नाव दिलं घेराव. “घेराव घाला!” म्हणून ते असे किंचाळायचे की कँटीनमधला चहावाला भांडी आत न्यायचा.

“समोरच्याला विचार करायला वेळ द्यायचा नाही,” हे त्यांचं ब्रीदवाक्य. हा नियम त्यांनी सगळ्यात आधी स्वतःला लावून घेतला होता, एवढंच मी म्हणेन.

सराव दुपारी चारला. कोर्टच्या एका कोपऱ्यात दोन स्कूटर कायम उभ्या असायच्या, कारण त्या अकाउंट्सच्या होत्या आणि अकाउंट्सला कोण बोलणार? मुली त्यांना वळसा घालून पळायच्या. बॉल धरून ठेवलेला सरांना खपायचा नाही. “गरम पातेलं आहे ते, चिमटा आहे का हातात? नाही ना? मग फेक!” मुली फेकायच्या. कुठूनही फेकायच्या, तीन गुणांच्या कमानीच्या बाहेरून, स्कूटरच्या सीटला टेकून, तोल जाता जाता. दहातला एखादा आत जायचा. मग सर टाळ्या वाजवायचे आणि उरलेल्या नवांबद्दल म्हणायचे, “पडू देत. समोरचे पळाले ना? दमले ना?”

टेंभी नाक्याची मनाली आमच्या पहिल्या तुकडीत होती. चणीने लहान, गोविंदा पथकात वरच्या थरावर चढणारी, तिला भीती म्हणजे काय ते माहीत नव्हतं. ती एकदा माझ्याजवळ येऊन बसली आणि धापा टाकत म्हणाली, “मॅडम, सर येडे आहेत का हो? मी आत गेलेली, बॉल हाताला लागायच्या आत बाहेर. मी नक्की कशाला गेलेली?”

मी तिला बाटली दिली. मॅनेजरला तेवढाच अधिकार.

सरांची ही पद्धत फक्त मैदानापुरती राहिली असती तरी एकवेळ चाललं असतं. त्यांच्या पुतण्याच्या लग्नाला आम्ही सगळा स्टाफ डोंबिवलीच्या एका हॉलमध्ये गेलो होतो. मुलाकडच्यांनी हौसेने पंगत ठेवली होती आणि वाढपाची सूत्रं सरांनी हातात घेतली होती. पाच वाढपी एका टोकाने सुटले. मी वरणभात कालवतेय तोवर मठ्ठा आला. मठ्ठ्याची वाटी उचलतेय तोवर भातावर जिलबी पडली. सर पंगतीच्या तोंडाशी उभे राहून “बदला!” म्हणाले की त्या पाचांच्या हातातली भांडी दुसरे पाच घ्यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून वाढत सुटायचे. माझ्या शेजारी नवऱ्या मुलीचे आजोबा होते. दात नसलेले, सावकाश जेवणारे. त्यांच्या पानात चार पदार्थांचा एक डोंगर झाला आणि ते हात मागे घेऊन नुसते बघत बसले. तेवढ्यात पानं उचलणारे आले आणि त्यांचंही पान गेलं. “पंगत वीस मिनिटांत उठवली!” सर हात धुण्याच्या जागी सगळ्यांना सांगत होते. आजोबांना नंतर कोणीतरी आतल्या खोलीत दूधपोळी कुस्करून दिली. सरांना ते कळलं नाही, कळलं असतं तरी त्यांनी ते प्रतिस्पर्धी दमल्याचं लक्षण मानलं असतं.

आता खोटं कशाला बोलू, सामने आम्ही जिंकू लागलो. आजूबाजूच्या कॉलेजांचे संघ आमच्यासारखेच पार्किंगमध्ये शिकलेले. पाच मुली एकदम अंगावर आल्या की त्या बिचाऱ्या बॉल टाकून द्यायच्या. भराभर गुण व्हायचे. पेपरात चार ओळी आल्या. सरांनी त्या लॅमिनेट करून घेतल्या.

हरलो तेही तितक्याच थाटात. एकदा परीक्षेमुळे आठच मुली आल्या होत्या. बास्केटबॉलमध्ये पाच फाऊल झाले की मुलगी कायमची बाहेर, आणि घेरावात फाऊल व्हायला किती वेळ लागतो? एकेक करत पाच जणी बाहेर येऊन माझ्या शेजारी बसल्या. शेवटी मैदानात आमच्या तिघी उरल्या. आता तरी सर म्हणतील की पोरींनो, मागे या, बास्केट राखा. सर उभे राहिले आणि मूठ उगारून ओरडले, “घेराव!” तिघींनी पाचजणींना घेराव घातला. समोरच्या मुलींनाच दया आली, त्या सावकाश बॉल टाकायला लागल्या. परतताना बसमध्ये सर म्हणाले, “बघितलंत ना मॅडम, शेवटी शेवटी कशा धापा टाकत होत्या त्या.”

आणि या माणसाच्या तावडीत सोनल सापडली होती.

सोनल गायकवाड शहाडची. तिसऱ्या वर्षाला होती. चांगली उंच, इतकी की वर्गात शिरताना सवयीने मान खाली घालायची, दार उंच असलं तरी. कॉलेजात आल्यावर कोणीतरी तिला कोर्टवर ढकललं आणि तिथे ती पहिल्यांदा ताठ उभी राहिली. बास्केटखाली उभं राहायचं, बॉल वरच्या वर झेलायचा, एक गिरकी घ्यायची आणि अलगद आत सोडायचा. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. बॉल रिंगला न लागता जाळीतून खाली यायचा. मला त्या खेळातलं सगळ्यात जास्त काय आवडलं असं विचाराल तर ती गिरकी.

सरांना ती नापसंत. “अगं, जवळून काय कोणीही टाकेल!” हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. बास्केटबॉल शिकवणाऱ्या माणसाचं हे वाक्य आहे. सोनलने कमानीबाहेर उभं राहून फेकायचं आणि घेरावात सगळ्यात चपळ मुलीच्या मागे धावायचं, असं ठरलं. तिला दुसऱ्या तुकडीत टाकली. ती धावायची, बिचारी, मोठाली पावलं टाकत, आणि चपळ मुलगी तिच्या हाताखालून निसटली की फाऊल.

“मॅडम, मी सरांना बोलले, मी खाली उभी राहते ना,” ती मला एकदा म्हणाली, “तर बोलले, तू उभी राहिलीस की सिस्टीम उभी राहते. असं असतं का?”

“नसतं,” मी म्हटलं.

तिला खेळायला मिळालं काय आणि नाही काय, एवढाच प्रश्न असता तर मी इतकी चिडले नसते. तिच्या वडिलांनी मला सगळं सांगितलं होतं. ते ठाण्यातल्या टॉवरमध्ये लिफ्ट दुरुस्तीची कामं करतात. एकदा कामावरून परस्पर सरावाला आले, लांब उभे राहिले, मग माझ्याजवळ आले. “जय भीम, मॅडम. सोनलचा बाप मी.” त्यांच्या वस्तीतली एक मुलगी युनिव्हर्सिटीकडून कबड्डी खेळली आणि त्या सर्टिफिकेटवर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीला लागली. तेव्हापासून त्यांच्या घरात तोच एक विषय. सोनल युनिव्हर्सिटीच्या संघात गेली तर तिचंही होईल. आणि हे तिचं शेवटचं वर्ष. कल्याणला विभागाची फायनल होती, युनिव्हर्सिटीचे निवड करणारे तिथे येणार होते. त्यांना ती दिसायला हवी होती, एवढंच मागणं.

ते सरांकडेही गेले. मी जवळच होते. हात जोडून म्हणाले, “सर, एक विनंती होती. फायनलला पोरीला जरा सलग खेळवा. बघणारे येणारेत. तिच्या जन्माचं होईल.”

सर म्हणाले, “भाऊ, तुमची मुलगी एकटी खेळत नाही. सिस्टीम खेळते.” आणि त्यांच्या पाठीवर थाप मारून पुढे गेले. गायकवाडांचे हात अजून जोडलेलेच होते.

मग मी गेले. मी म्हटलं, सर, एका सामन्याचा प्रश्न आहे, तिला शेवटच्या भागात ठेवा आत, हरणार तर नाही ना त्याने. सर माझ्याकडे असं बघू लागले जणू मी परीक्षेचा पेपर फोडायला सांगतेय. “मॅडम, आज एकीसाठी तुकडी फोडली तर उद्या सगळ्या मागतील.” मी म्हटलं, मागू देत. तोवर ते व्हरांड्याच्या टोकाला पोचले होते.

फायनलला समोर ठाण्याचं एक कॉलेज होतं. त्यांच्याकडे एक उंच मुलगी होती आणि त्यांच्या सरांनी तिला बास्केटखाली उभी करून ठेवली होती, पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत. ती काही फार ग्रेट नव्हती. पण दिसत होती. निवड करणारी दोन माणसं टेबलाच्या बाजूला बसली होती, त्यातल्या एक आखूड केसांच्या, पन्नाशीच्या बाई. स्वतः खेळलेल्या असणार, कारण त्या बॉलकडे न बघता मुलींच्या पायांकडे बघायच्या.

आमचा धिंगाणा सुरू झाला. घेराव, फेक, बदला. घेराव, फेक, बदला. बॉल खेळात असताना मुली बदलता येत नाहीत, म्हणून वेळ झाली की आमच्या मुली बॉल मुद्दाम रेषेबाहेर मारायच्या, तेही सरांनी शिकवलेलं. प्रेक्षकांना काही कळत नव्हतं की कोण आत, कोण बाहेर. गुण बरोबरीने चालले होते.

शेवटच्या भागात दुसरी तुकडी आत गेली तेव्हा सोनलने सरांचं ऐकायचं सोडून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा असेल. ती कमानीबाहेर थांबलीच नाही, सरळ बास्केटखाली जाऊन उभी राहिली आणि हात वर करून म्हणाली, “दे.” बॉल आला, गिरकी, आत. पुन्हा आला, पुन्हा आत. ठाण्याची ती उंच मुलगी नुसती बघत राहिली. तिसऱ्यांदा बॉल जाळीतून खाली आला तेव्हा आखूड केसांच्या बाई खुर्चीत पुढे सरकल्या. मी ते पाहिलं. वर कुठेतरी पायऱ्यांवर सोनलचे वडील उभे राहिलेले पाहिले.

“तुकडी!” सर ओरडले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मनाली टेबलाजवळ बदलीसाठी बसली होती, ती उठलीच नाही. “सर, सोनलताईला राहू दे ना. पेटलीय ती. मी नाही जात.”

“मनाली, उठ.”

“सर, प्लीज ना यार.” यार हा शब्द तिच्या तोंडून गेला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

सरांनी तिच्या पाठीवर थाप मारली. बॉल बाहेर गेला, शिट्टी झाली, पाच जणी आत गेल्या, पाच जणी बाहेर आल्या. सोनल माझ्या शेजारी येऊन बसली. तिला धापसुद्धा लागली नव्हती. तिची तुकडी पुन्हा आत जायच्या आधीच सामना संपला.

आम्ही जिंकलो. हो, जिंकलो. मनालीने शेवटी एक बॉल हिसकावला आणि मैदानभर पळत जाऊन टाकला. सरांना खांद्यावर घेतलं गेलं. ही गोष्ट मी लपवत नाही, कारण त्यांचे चाहते पहिल्यांदा हेच तोंडावर फेकतात.

गर्दी ओसरल्यावर त्या आखूड केसांच्या बाई आमच्या बाकापाशी आल्या. अभिनंदन वगैरे झालं. मग म्हणाल्या, “ती तुमची उंच मुलगी. जेवढी दिसली तेवढी मला आवडली. पण दिसली कुठे फारशी? तुम्ही रोज बघता तिला. कशी आहे?”

सोनल चार हात अंतरावर बसून बुटाची लेस सोडत होती. तिचे हात थांबले.

एक शब्द. चांगली आहे, एवढं म्हणायचं होतं. त्यात खोटं नव्हतं, खर्च नव्हता, तुकडीसुद्धा फुटत नव्हती. सामना संपला होता.

सर हसले आणि म्हणाले, “मॅडम, आमच्याकडे अमुक मुलगी चांगली असं काही नसतंच. तिच्या जागी कोणालाही टाका, रिझल्ट हाच येणार. हीच तर आमची सिस्टीम आहे.”

मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, मुलगी उत्तम आहे, मी रोज पाहते. बाईंनी माझ्याकडे सौजन्याने पाहिलं. “आपण कोच?” नाही, मी मॅनेजर, अर्थशास्त्र. “अच्छा,” त्या म्हणाल्या. माझं ऐकून त्यांनी करायचं काय होतं? त्या गेल्या. सोनलने लेस पुन्हा बांधायला घेतली, जी तिला सोडायची होती.

यादी लागली. ठाण्याची ती उंच मुलगी होती. आमची मनाली होती, आणि तिच्यासाठी मला आनंद झाला. सोनल नव्हती. आणि युनिव्हर्सिटी संघाच्या शिबिरासाठी प्रशिक्षक म्हणून नाव होतं वालावलकर सरांचं. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये सामोसे मागवले. मी उपास आहे म्हणाले.

त्यानंतर काही दिवसांनी सरांचा फोन आला. “मॅडम, सोनलला शनिवारी सकाळी वर्तकनगरच्या शिबिराला पाठवाल? तुम्हीही या बरोबर. इथे उंची कमी पडतेय.” आणि फोन बंद. थाप मारायची सोय नव्हती म्हणून फोन बंद.

उंची कमी पडतेय. याचा दुसरा काय अर्थ होतो? ती ठाण्याची मुलगी आजारी पडली असेल, जागा झाली असेल. मी लगेच शहाडला फोन लावला. पलीकडून सोनल म्हणाली, “मॅडम, मस्करी नका करू हां.” मग तिच्या आईचा आवाज, मग वडिलांचा. मला त्या दिवशी सरांबद्दलसुद्धा बरं वाटलं. काही तास.

शनिवारी ते दोघं माझ्या आधी येऊन उभे होते. गायकवाडांनी कामावर सुट्टी टाकली होती, पांढरा शर्ट घातला होता. सोनलचा गणवेश धुऊन इस्त्री केलेला. “आम्ही लवकरच आलेलो,” ती म्हणाली. आत खरंखुरं कोर्ट होतं, लाकडी फळ्यांचं, छत असलेलं. सोनल दारातून आत गेली ती मान खाली न घालता.

सर मैदानाच्या मध्यभागी होते. नवा ट्रॅकसूट, पाठीवर युनिव्हर्सिटीचं नाव. सोनलला बघून खूष झाले. “आलीस? मस्त. ये, इथे बास्केटखाली उभी राहा.” मी आणि गायकवाड बाकावर बसलो. त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले होते.

मनालीची तुकडी समोरून धावत आली. एकीने फेकला, सोनलने वरच्या वर अडवला. दुसरी आली, तिचाही अडवला. मनाली बगल देऊन आली, तर सोनलने तिच्या हातातला बॉल हवेतच उचलला. मनाली हसली, “ताई, जान घेशील का!” बाकीच्या मुली थांबून बघायला लागल्या. गायकवाडांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

शिट्टी वाजली. सर धावत आले.

“अगं, अडवायचं नाही! तू संघात नाहीस. परराज्यातल्या मुली उंच असतात, त्यांच्यावरून कसं फेकायचं याची यांना सवय व्हायला हवी. तू फक्त हात वर करून उभी राहा. हलू नकोस.”

तिने एकदा आमच्याकडे पाहिलं. मग हात वर केले आणि उभी राहिली. मुली येत गेल्या, तिच्या हातांवरून फेकत गेल्या. तिने डोळे मिटले होते की नाही मला दिसलं नाही. मग सर ओरडले, “आता घेराव! त्या टोकाला!” आणि सगळा जथा पलीकडच्या बास्केटकडे पळाला, सर सगळ्यात पुढे. अलीकडे सोनल एकटी राहिली. हात वर. खाली घे असं तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

गायकवाड उठले आणि सरळ मैदानात शिरले. “सोनू, हात खाली घे बाळा. चल.”

पलीकडून शिट्टी वाजली. सरांनी पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं होतं. सगळ्या मैदानावरून त्यांचा आवाज आला, “ओ भाऊ, चपला! कोर्टवर चपला चालत नाहीत!”

गायकवाड थांबले. त्यांनी वाकून चपला काढल्या, हातात घेतल्या आणि अनवाणी पोरीपर्यंत चालत गेले. सर पुन्हा घेरावाकडे वळले होते.